एक नग जास्त

आमचं लाकूड कातणाऱ्या हौशींचं मंडळ दर रविवारी जमे आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मांडणी असे. प्रत्येकाने महिनाभरात लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर, जे काही कातलं असेल ते आणायचं आणि लांब टेबलावर मांडायचं. वाट्या, भोवरे, मेणबत्तीच्या बैठकी, झाकणाच्या डब्या. बक्षीस नाही, नंबर नाही. चहा प्यायचा, एकमेकांच्या वस्तू उलट्यासुलट्या करून बघायच्या आणि थोडी चेष्टा करायची, एवढंच.

आमची जागा म्हणजे बस डेपोच्या मागची एक जुनी शेड. पूर्वी तिथे टायर ठेवत. डेपोतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर आमच्या मंडळात होता. त्याने साहेबांच्या मागे लागून ती मिळवून दिली, म्हणून किल्ली त्याच्याकडे असे. छत पत्र्याचं आणि फार उंच. खिडक्या वर, जाळीच्या. जमीन तेलाने काळी पडलेली. ऊन तापलं की भुशाच्या वासाखालून अजून रबराचा वास येई. लेथ पाच होती. त्यांतलं पाचवं, भिंतीकडचं, बंद होतं. त्याची मोटर जळली होती आणि पट्टा काढून खिळ्याला टांगला होता.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू, पेट्रोलचे पंप आणि कापडाचे गज तपासले. निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत आई गेली. शेवटची दोन वर्षं ती बोलत नव्हती. मी बोलायचे, ती ऐकते आहे असं धरून चालायचे. ती गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत फ्रिज तेवढा आवाज करी. धाकटा भाऊ दूरच्या शहरात. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येई. "ताई, वेळेवर जेवतेस ना?" असं तो विचारी, मी हो म्हणे, आणि मग दोघंही पुढे काय बोलावं ते शोधत बसू. काही आठवडे असे जात की माझं पहिलं पुरतं वाक्य रविवारी सकाळी त्या शेडमध्येच तोंडातून निघे.

मंडळ काढलं होतं मिस्त्रींनी. आमच्या एकोणीस जणांत खरा कातारी तो एकच माणूस, बाकी सगळे हौशी. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि नव्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. एकतर माझ्याकडे वेळ होता. शिवाय, मंडळातले दातांचे डॉक्टर म्हणत तसं, दुसऱ्याची चूक शोधायचा सरकारी अनुभव होता. डॉक्टर मला तोंडावर मापबाई म्हणत. बाकीचे पाठीमागे म्हणत.

मांडणीची वही मीच ठेवत असे. कोणी काय केलं, व्यास किती, उंची किती. त्या रविवारी चौदा जणांनी वस्तू आणल्या होत्या. वहीत मी चौदा नावं लिहिली आणि टेबलावर नग मोजले. पंधरा भरले.

पुन्हा मोजले. पंधराच.

जास्तीचा नग म्हणजे एक लाकडी अंडं होतं. नवशिक्याला आम्ही पहिलं काम तेच देतो. हे अगदीच कच्च्या हाताचं होतं. एक टोक चपटं, मधे धार घसरल्याची खोल चर, आणि सगळीकडे तंतू उपटून आलेले.

"अंडं कोणी घातलं ते सांगून टाका," डॉक्टर म्हणाले. "लाजू नका. आमच्यात आधीच एकेक नग आहेत."

सगळे हसले. पुढे कोणी आलं नाही.

मला वाटलं, कोणीतरी नवा माणूस बुजला असेल. म्हणून कोणाकडेही न बघता मी ते अंडं हातात घेतलं आणि म्हणाले, "ज्यांनी कोणी केलंय त्यांनी पटाशी फार वर धरलीय. आधी तिची पाठ, म्हणजे धारेमागचा उतार, लाकडावर टेकवायची, मग मूठ हळूच उचलायची. पाठ टेकायच्या आत धार लागली की लाकूड फाटतं."

एवढं बोलून मी चहा घेतला. ते अंडं कोणी घरी नेलं नाही. मी ते खिडकीखालच्या फळीवर ठेवून दिलं.

पुढच्या मांडणीला पुन्हा एक नग जास्त. पुन्हा अंडंच. पण आता एकही तंतू उपटलेला नव्हता. पाठ टेकवून कातलं होतं, हे बोट फिरवल्याबरोबर कळत होतं. चपटं टोक मात्र तसंच होतं. मी तेही सांगितलं: टोकाकडे जाताना हात नाही वळवायचा, कमरेतून वळायचं.

तिसऱ्या महिन्यात टोक गोल झालं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी झाडू घेतला. पाचव्या लेथखाली भुसा पडला होता. त्याच्यात एक सोलपट होतं, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखं, गुंडाळी होऊन पडलेलं. मी ते जमिनीवर उलगडत गेले. कुठेही न तुटलेलं, अकरा फूट चार इंच. मंडळात इतकं लांब सोलपट काढणारा एकच हात होता, आणि तो मिस्त्रींचा उजवा हात आता मांडीवर निर्जीव पडून असे.

मोटर बघितली. जळालेलीच होती. पट्ट्यावर धूळ होती.

कुलूप लावायला ड्रायव्हर परत आला तेव्हा मी त्याला गाठलं. किल्ली त्याच्याकडे, म्हणून विचारणं भागच होतं. त्याचं तोंड उतरलं.

"मॅडम, डोळ्यांनी धड दिसेना म्हणून मी बस सोडली," तो म्हणाला. "नातीसाठी केलेला माझा भोवरा अजून लंगडतो. हे मी करणार?"

मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला वाटत होतं तुम्हीच करताय."

तीस वर्षं मी एक गोष्ट शिकले होते. संशय आला की वाद घालायचा नाही, सील ठोकायचं. जुना चिमटा आणि शिशाच्या गोळ्या माझ्या कपाटात पडून होत्याच. पुढच्या मांडणीच्या आदल्या दिवशी दुपारी ड्रायव्हरला घेऊन मी शेडवर गेले. टेबल रिकामं होतं. खिडक्यांच्या जाळ्या तपासल्या. दाराला कुलूप लावलं आणि कडीतून तार ओवून सील ठोकलं. चिमट्यावर माझा जुना नंबर होता, तो शिशात उमटला.

रविवारी सकाळी सगळ्यांच्या देखत मी सील बघितलं. तार अखंड. नंबर स्वच्छ. मी ते तोडलं, ड्रायव्हरने कुलूप काढलं.

टेबलाच्या मधोमध एक भोवरा होता.

मग डॉक्टर म्हणाले, "मापबाई, तुमच्या खात्यानेच आता पास केलं," पण कोणी हसलं नाही, आणि त्यांनाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसावं. मी भोवरा टेबलावर फिरवला. इतका स्थिर फिरला की थांबल्यासारखा दिसत होता. पडायला त्याला चार मिनिटं लागली. तोवर सगळ्यांचा चहा निवला.

खरं सांगायचं तर मी घाबरले नाही. घाबरायला हवं होतं, हे आज कळतं. पण त्या आठवड्यात मी रोज विचार करत होते, आता ह्याला पुढे काय द्यावं? वाटी द्यावी की आधी पटाशीची मूठ करायला सांगावी? पोकळ कातणं कसं समजावून सांगावं? स्वयंपाकघरात उभी राहून मी वाक्यं जुळवत असे. मूठ सांगितली, मूठ आली. वाटी सांगितली, वाटी आली. कडा जाड आहे म्हटलं, तर पुढच्या वाटीची कडा उजेडात धरली की पलीकडची बोटं दिसत. आधी मी "ज्यांनी कोणी" असं म्हणत होते. तुम्हीवरून तूवर मी कधी आले, ते माझं मलाही कळलं नाही.

"आवाज बरा वाटतोय तुझा, ताई," भाऊ फोनवर म्हणाला.

"एक शिकाऊ मिळालाय."

"वा! मुलगा की मुलगी?"

"ते अजून कळलं नाही," मी म्हणाले. तो खूप हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

आई असेल का, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला. एकट्या माणसाच्या मनात असले विचार येतातच. पण आईला कधी सुई ओवायचीही चिकाटी नव्हती. हे कोणीतरी वेगळं होतं. चिकाटीचं, अबोल, आणि मी सांगितलेलं अक्षर न् अक्षर ऐकणारं.

मंडळ मात्र आटत चाललं होतं. चहा उभ्याउभ्याच होऊ लागला. पाचव्या लेथकडे पाठ करून कोणी काम करेना. आठव्या महिन्यात ड्रायव्हर माझ्याजवळ आला. त्याच्यासोबत डॉक्टरही होते, पण बोलला ड्रायव्हर.

"मॅडम, तुम्ही बोलणं बंद करा."

"मी काय बोलते? शिकवते."

"तेच ते. तुम्ही बोलता म्हणून ते येतं. एकदा गप्प बसून बघा. आमच्यासाठी."

ह्याच माणसाने ही शेड मिळवून दिली होती, ह्यानेच मला पहिल्या दिवशी स्वतःचा चष्मा काढून दिला होता, डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून. मी बरं म्हटलं.

पुढच्या मांडणीला जास्तीची वाटी आली. मी ती उचलली नाही, तिच्याबद्दल काही बोलले नाही. वहीत लिहिलीसुद्धा नाही. जिभेवर आलेलं वाक्य चहाबरोबर गिळलं. सगळ्यांना बरं वाटलं. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी गप्पा रंगल्या. मी घरी आले आणि तशीच चपला घालून खुर्चीवर बसून राहिले.

त्यानंतरच्या महिन्यात टेबलावर जी वाटी होती, ती मी वाकून बघितली. तंतू उपटून आलेले. धार घसरल्याची चर. कडा एकीकडे जाड, एकीकडे फाटलेली. पहिल्या दिवशीच्या सगळ्या चुका, एकही न सोडता.

चढलेला हात महिन्याभरात एवढा उतरत नाही. ही चूक नव्हतीच. ही हाक होती. आईसुद्धा अशीच करायची. हातातला पेला मुद्दाम कलता करायची, म्हणजे मी उठून जवळ जावं.

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. डॉक्टरही. मी वाटी उचलली.

"पाठ टेकव," मी म्हणाले. "तुला येतं हे."

ड्रायव्हरने हातातला कप खाली ठेवला आणि तो बाहेर निघून गेला.

मिस्त्रींना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. सुनेने त्यांना गॅलरीत उन्हाला बसवलं होतं. मी पिशवीतून एक वाटी काढून त्यांच्या डाव्या हातात दिली, जी उजेडात धरल्यावर बोटं दिसत ती. त्यांनी ती नाकाशी नेली. लाकूड ते वासावरून ओळखत. बराच वेळ हुंगत राहिले.

"हे कोणी केलं?"

"माझ्या हाताखालच्या शिकाऊने."

"हात चांगला आहे," ते म्हणाले. तोंड वाकडं झाल्यामुळे त्यांचे शब्द एका बाजूने येत. "ओलं नाही. वाळलेलंही नाही."

"कुठलं लाकूड आहे?"

"लाकूड आहे असं धरून चाला, बाई."

त्यांनी वाटी माझ्याकडे परत दिली आणि हात धोतराला पुसला. मग मी सगळं सांगितलं, अंड्यापासून. सून चहा ठेवायला आली तेव्हा आम्ही दोघं फक्त हवापाण्याचं बोललो. ती आत गेल्यावर ते म्हणाले, "आमच्या उस्तादाने पटाशी हातात द्यायच्या आधी विचारलं होतं, कशासाठी शिकायचंय तुला? मी म्हटलं, पोटासाठी. मग शिकवलं त्याने. तुम्ही विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं.

"वर्ष होत आलं," ते म्हणाले, "आणि विचारलं नाहीत." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी उठेपर्यंत उघडले नाहीत.

मांडणीच्या दिवशी सगळे जाईपर्यंत मी थांबले. आता येत होते आठच जण. दार ओढून घेतलं. ऊन वरच्या जाळीतून टेबलावर पडलं होतं. मी पाचव्या लेथकडे तोंड केलं. माझा आवाज उगीचच खात्यातल्यासारखा निघाला.

"कशासाठी शिकायचंय तुला?"

पत्रा उन्हाने तडतडला. बाकी काही नाही.

त्यापुढच्या मांडणीला नग बरोबर भरले. जितकी माणसं तितक्या वस्तू. त्याच्या पुढच्या महिन्यातही. ड्रायव्हर येऊन माझ्याशी पुन्हा बोलू लागला. जुनी माणसं परतली. डॉक्टरांनी तीन तासांत केलेल्या वेड्यावाकड्या डबीवरून त्यांना सगळ्यांनी मिळून छळलं. सगळं पहिल्यासारखं झालं, आणि मी रोज सकाळी जाग आल्यावर छताकडे बघत पडून राहू लागले. विचारायला नको होतं, असं वाटे. हात धरून चालायला शिकवलेल्या पोराला एकदम नाव-गाव विचारून हुसकून लावल्यासारखं वाटे. एका रविवारी भावाने विचारलं, "तुझा शिकाऊ काय म्हणतो?" मी म्हटलं, "सोडून गेला."

तिसऱ्या महिन्यात टेबलावर एक पाय होता.

पाय म्हणजे कातलेला, लाकडी. खाली थोडा फुगीर, वर निमुळता, फळीच्या भोकात ठोकून बसवायचा असतो तसा. त्यावर बांगड्यांसारख्या तीन नाजूक वळी. असा पाय आम्ही सगळेच ओळखत होतो. मंडळात मिस्त्रींनी घालून दिलेला एक नियम होता. हात बसला की प्रत्येकाने स्वतःसाठी तीन पायांचं स्टूल करायचं, आपापल्या मापाचं, आणि चहाच्या वेळी गोल करून त्याच्यावरच बसायचं. स्टूल झालं की माणूस मंडळाचा झाला. त्या स्टुलांच्या पायांवर मिस्त्रींच्या सांगण्यावरून तीन वळी असत.

"टेबलाचा असेल," डॉक्टर म्हणाले. "एवढा लांब पाय स्टुलाला कसा असेल?"

मी पट्टी लावली. आमच्या स्टुलांचे पाय पंधरा-सोळा इंची असतात. हा साडेअठ्ठावीस होता. स्टुलाचं माप बसणाऱ्याच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत घेतात, आणि उभ्या माणसाची उंची साधारण त्याच्या चौपट भरते. मी मनात गुणाकार केला.

"काय आलं?" ड्रायव्हरने विचारलं. मी आकडा करते आहे हे त्याने ओळखलं होतं.

"काही नाही," मी म्हणाले. "टेबलाचाच असेल."

साडेनऊ फूट. मी वर, छताकडे बघितलं. मग बघणं टाळलं.

पुढच्या महिन्यात आणखी दोन पाय आले आणि एक गोल फळी. त्याच्या पुढच्या महिन्यात ड्रायव्हरने कुलूप उघडलं तेव्हा टेबलावर काहीच नव्हतं. आमची स्टुलं भिंतीशी एकात एक लावून ठेवलेली असत. ती कोणीतरी गोल मांडून ठेवली होती. माझं स्टूल नेहमीच्या जागी, पाठीवर ऊन येईल असं. आणि त्याच्या शेजारी ते उंच स्टूल, डॉक्टरांच्या जवळजवळ कमरेपर्यंत येणारं.

त्या दिवशी सहा जण आले होते. कोणीही बसलं नाही. कोणी आरडाओरडाही केला नाही. एकेकाने आपापलं स्टूल उचललं, आपापल्या पटाश्या कापडात गुंडाळल्या. डॉक्टर जाताना माझ्याजवळ थांबले. "माझ्या घराखालचं गॅरेज रिकामं आहे," ते म्हणाले. "आम्ही तिथे भरणार आहोत. तुम्ही या, मापबाई. पण इथलं काही आणू नका."

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी निघाला. त्याने किल्ली टेबलावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही.

मी गॅरेजमध्ये गेले. दोन रविवार गेले. सगळ्यांनी चांगलं स्वागत केलं. जागा छोटी, शेडमधल्या लेथांतली दोनच तिथे मावली. डॉक्टरांच्या बायकोने खुर्च्या दिल्या होत्या, त्यामुळे स्टुलांची गरज नव्हती. हसणं-खिदळणं चाललं होतं. नवी माणसं नव्हती, त्यामुळे शिकवायचं कोणाला नव्हतं. कोणी मला काही विचारलं नाही. मी एक वाटी कातली, ती चांगली झाली, कोणीतरी चांगली आहे म्हणालं. दुसऱ्या रविवारी मी निघाले तेव्हा गप्पांच्या भरात ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मी फाटकाशी थोडी थांबले होते. मग बस पकडली.

तिसऱ्या रविवारी मी शेडवर गेले.

टेबलावरची ती किल्ली आता माझ्याकडे होती; तिने कुलूप काढलं. आत रबराचा वास होता. भुसा झाडलेला. चार लेथ मंडळाने माझ्याकडून किल्ली मागून घेऊन आधीच नेली होती. त्यांच्या जागी जमिनीवर फिकट चौकोन उरले होते. पाचवं होतं तसं होतं. शेडच्या मधोमध दोनच स्टुलं.

एक ते उंच.

दुसरं माझंच. वरची फळी माझी, मिस्त्रींनी तपासून दिलेली, कडेला माझ्या पटाशीची खूण असलेली. पण तिचे जुने पाय काढलेले होते आणि नवे बसवले होते. साडेअठ्ठावीस इंची. वळी इतक्या नेमक्या की माझ्या जाडी मोजायच्या कॅलिपरलाही फरक सापडला नाही.

मी बराच वेळ उभी राहिले. बाहेर डेपोत कोणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत होता. दार उघडं होतं. मला जायचं असतं तर जाता आलं असतं.

मी हत्यारांची रिकामी पेटी ओढली, तिच्यावर चढले आणि बसले. स्टूल जराही डगमगलं नाही. पाय लहान मुलासारखे हवेत लोंबकळले. शेजारचं स्टूल आता माझ्या बरोबरीचं होतं. मी तिकडे मान वळवली नाही. काय शिकवावं ते ठरवलं नव्हतं, तरी मी बोलू लागले. झाकण कसं बसवायचं ते सांगू लागले. झाकण घट्टही नको, सैलही नको, उघडताना हवेचा बारीकसा आवाज यायला हवा.

बोलता बोलता टाचा कशालातरी टेकल्या.

मी खाली वाकून बघितलं. पुढच्या दोन पायांना एकेक खुंटी बसवलेली होती, पावलं ठेवायला; मघाशी वळी मोजण्याच्या नादात ती नजरेतून सुटली होती. दोन्ही खुंट्या एका उंचीवर नव्हत्या. डावी थोडी वर होती. मी उतरले, पट्टी लावली. तीन सूत वर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढा फरक सहसा डोळ्याला दिसत नाही.

माझा डावा पाय उजव्यापेक्षा तीन सूत आखूड आहे. जन्मापासून. चपलेत मी एक चामड्याची चकती घालते, त्यामुळे चालताना कळत नाही. हे आईला माहीत होतं. भावालाही माहीत नाही.

कपड्यावरून, लांबून, अंदाजाने हा फरक कळत नाही. मी आयुष्यभर मापं घेतली आहेत, म्हणून सांगते. माणूस स्वस्थ बसलेला असावा लागतो. त्याच्यासमोर जमिनीवर बसून, चपला काढून, त्याच्या दोन्ही टाचा एकदम तळहातांवर घ्याव्या लागतात.